माझा तिरका ‘र’

“बाबा, आत्याला तुम्हीच पकडून दिलंत का हो?”

हा प्रश्न घरी विचारून दाखव, म्हणून मैत्रिणींनी भिंगरीला भरीस घातलं होतं. “वर्गात एवढी चुरूचुरू बोलतेस, बापासमोर आहे का छाती?” आणि आमच्या भिंगरीला कुणी ‘तुला नाही जमायचं’ म्हटलं की झालंच! शाळेतून आली, दप्तर फेकलं, स्टुलावर चढून मला वरच्या फळीवरून उतरवलं, बाबांच्या कामाच्या टेबलावर दाणकन ठेवलं आणि विचारून मोकळी झाली. बाबांच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर जागच्या जागी राहिला. आई पदराला हात पुसत दारात आली, ती तिथेच थबकली.

मित्रांनो, बाबांना उत्तर द्यायला जरा वेळ लागेल. तोवर माझं ऐका. मी एक जुना टाइपरायटर आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. अंग पोलादाचं, रंग काळा कुळकुळीत, आणि ओळ संपत आली की वाजणारी गोड घंटी. माझी रवानगी जमिनीच्या नोंदणी कचेरीत झाली. तिथे सगळे मला बडवायचे. एक दिवस भिंगरीची आत्या टायपिस्ट म्हणून आली आणि पहिल्यांदा कुणीतरी मला हलक्या हाताने वापरलं. सकाळी आधी ब्रशने माझे दात घासायची, मग काम. साहेब चारचौघांत म्हणायचे, “बाईंचा कागद म्हणजे आरसा!” मला वाटायचं, कौतुक माझंच चाललंय.

माझ्यात खोड एकच. ‘र’ हे अक्षर जरा तिरकं पडायचं. ‘सरकार’ हा शब्द तर एका दमात दोनदा लंगडायचा! मला दुरुस्त करायला येणारे मिस्त्री म्हणजे आत्याचेच धाकटे भाऊ, भिंगरीचे बाबा. ते म्हणायचे, “ताई, या ‘र’च्या ठशाचा खिळा कुठे मिळत नाही. राहू दे तसाच.”

मग सरकार बदललं. निवडणुका बंद झाल्या. वर्तमानपत्रं दोन उरली, पण एक वाचलं की दुसरं वाचायची गरज नसे. रेडिओवरचा माणूस सकाळ-संध्याकाळ सांगायचा, की बायका बाहेर पडल्या म्हणून घरं मोडली. एका दुपारी साहेबांनी आत्यासमोर मसुदा ठेवला. कचेरीतल्या सर्व स्त्रियांना पहिल्या तारखेपासून घरी पाठवायचा हुकूम होता. खाली नावांची यादी. सातवं नाव तिचं.

“नीट टाइप करा, बाई. वरपर्यंत जायचंय,” साहेब खिडकीकडे बघत म्हणाले.

“आजवर कधी चूक झालीय का, साहेब?”

तिने चार कार्बन लावले आणि स्वतःचं नावसुद्धा बिनचूक टाइप केलं. माझ्या कळा ओल्या झाल्या होत्या, एवढंच मला ठाऊक.

मलाही म्हातारा ठरवून भंगारात काढलं. बाबांनी मला मागून आणलं, तेलपाणी केलं आणि बहिणीला भेट दिलं. “घरी बसून लोकांचे अर्ज तरी टाइप कर, ताई. जीव रमेल.”

ती अर्ज टाइप करायची. पण दुपारी बाबांच्या दुरुस्तीच्या दुकानात धूळ उडवायचा पंप घरघरायला लागला की दुकानामागच्या आपल्या खोलीत ती दुसरंच काही टाइप करायची. पानावर चारच ओळी: ‘आज आमचं काम काढून घेतलं. उद्या तुमच्या मुलींची शाळा काढून घेतील. गप्प बसू नका. एकेकटीने रडू नका.’ ते कागद दवाखान्याच्या बाकांवर, भाजीच्या पिशव्यांत, कुठे कुठे सापडायचे. पंपाच्या आवाजात माझी टकटक बुडून जायची. बाबांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

तेव्हा प्रत्येक टाइपरायटरची पोलीस चौकीत नोंद असायची. माझी मात्र भंगार म्हणून खोडलेली, त्यामुळे माग लागेना. म्हणून अधिकारी कागदांची चळत घेऊन बाबांकडे आले. “मिस्त्री, तुमच्या तोडीचा कारागीर या शहरात नाही. एवढं बघून सांगा, हे सगळं एकाच मशीनचं आहे?”

असं कुणी विचारलं की कारागिराची कळी खुलते हो! बाबांनी चष्मा पुसला आणि पंपावर आवाज चढवून म्हणाले, “हा ‘र’? अहो, डोळे झाकून ओळखीन! माझ्याच हातून गेलेलं मशीन आहे हे!”

बोलून गेले आणि मग कळलं. नजर नकळत मागच्या खोलीच्या दाराकडे गेली. अधिकाऱ्यांनी हात लांब करून पंप बंद केला.

त्या शांततेत मागच्या खोलीतून माझी टकटक ऐकू आली. आणि मग घंटी वाजली. माझी घंटी.

न्यायालयात मला पुरावा म्हणून मांडलं. माझा ‘र’ उपटून फायलीला लावला. आत्याला विचारलं, “काही सांगायचंय?” ती म्हणाली, “टायपिंगची एखादी चूक सापडली असेल तर सांगा.” कुणी हसलं नाही. आठ वर्षांची शिक्षा झाली. मला पुन्हा भंगारात टाकलं आणि बाबांनी पुन्हा उचलून आणलं, पण या वेळी फडक्यात गुंडाळून वर ठेवलं. दोन वर्षांत ते फडकं कुणी सोडलं नव्हतं.

आज भिंगरीने सोडलं.

“नाव नाही सांगितलं गं मी,” बाबा शेवटी म्हणाले. “पण सांगायचं राहिलंच काय होतं? मला मोठेपणा मिरवायचा होता. बस, तेवढंच.” आणि एवढा मोठा माणूस माझ्यावर डोकं टेकून रडला.

“मग दोन वर्षांत भेटायला का नाही गेलात?”

“कसे जाणार?” आई बोलली. “आत जाईल त्याचं नाव वहीत चढतं. दुकानाची पाटी उतरवतील, तुला शाळेतून काढतील. वन्संना हे कळतं. त्यांनीच निरोप पाठवला होता, येऊ नका म्हणून.”

“तिने म्हटलं आणि आपण ऐकलं? इतर वेळी ऐकायचो का तिचं?” भिंगरी उसळली.

मित्रांनो, मी तर लोखंड. दोन वर्षं तेल नाही मिळालं तर फार तर गंजेन. पण माणसाला तुरुंगात दोन वर्षं कुणी हाक मारली नाही, तर त्याचं काय होत असेल? तुमच्या घरात असं कुणाचं नाव घ्यायचं बंद झालं असेल, तर एकदा तरी विचारा. समोरचा रागावेल. तरी विचारा.

भिंगरीने डोळे पुसले, आईकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं.

“सोमवारी भेटीचा दिवस आहे. मी जाणार. मुलीच्या अर्जावर बापाची सही लागते, हा त्यांचा नियम. तुम्ही केलीत तर आत जाईन, बाबा. नाही केलीत तर फाटकाबाहेर उभी राहीन, आणि कुणाकडे आलीस असं विचारलं की आत्याचं नाव मोठ्याने सांगेन.”