बागेतला सातवा उंडा

पुष्पाबाईच्या बागेत माणसं फुकट राबायची आणि फुकट शिकून जायची. पारोळ्याच्या रस्त्यावरची अर्धा एकर पडीक जमीन. तिथं ती बायांना कलम बांधायला, बियाणं धरायला शिकवायची. नांगरटीची मजुरी नव्हतीच. ज्याचा बैल राबला, त्या बैलाला शिकणाऱ्या प्रत्येकीनं गूळ घातलेला ज्वारीच्या पिठाचा गोळा, उंडा, भरवायचा, हा बागेचा रिवाज. शेजारच्या वनाचा बैल चांद्या तर असा सोकावला होता, की कुंपणाशी आला की हुंगत हुंगत उंडेच शोधायचा.

दोन वर्षं रानडुकरांनी बाग उकरली. जुनी लुगडी बांधून झाली, न्हाव्याकडचे केस पसरून झाले. डुकरं लुगड्याखालून आत! यंदा उन्हाळाभर डोक्यावर घडे वाहून तिनं बियाण्याची वांगी जगवली. ती पिवळी पडत आली आणि एका रात्रीत अर्धी ओळ चिरडली गेली. यंदा बी गेलं तर बाग गेली, जमिनीवर टपलेले गावात कमी नव्हते. एरवी बायांना "जीव घेवाना नही, आडवाना," असं शिकवणाऱ्या पुष्पाबाईचं डोकं फिरलं.

"रुपचंद, गोये लई ये."

रुपचंद तिच्याच हाताखाली शिकलेला. चावलं की जबड्यात फुटणारे दारूचे गोळे त्यानं आणले. पीठ तिनं मळलं, गूळ तिनं घातला. सात गोळे, सात उंडे. सांजेला कुंपणाच्या चरात ठेवायचे, दिस उगवायच्या आत उचलायचे.

पोळ्याच्या सकाळी रुपचंदनं सहाच आणले.

"सातवा डुकरनी नेल व्हई, अक्का."

"फुटना का?"

"आयकू नही उना."

बाया उंड्यांच्या परड्या घेऊन यायला लागल्या होत्या. सण होता. नंतर शोधू, असं पुष्पाबाई म्हणाली आणि तिथंच घात झाला.

वना चांद्याला घेऊन आला. शिंगांना हिंगूळ, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरं.

"कोन देस रे पहिला उंडा मना राजाले?" तो हसत होता. चांद्यानं मान खाली घातली, कुंपणाच्या चरात तोंड खुपसलं.

आवाज झाला तेव्हा कावळे उडाले. खालचा जबडा नव्हताच. जीभ लोंबत होती, हिंगुळावर रक्त उडालं होतं, आणि तो बैल ओरडूसुद्धा शकत नव्हता.

वनानं बागेतली कुऱ्हाड उचलली. पोळ्याच्या दिवशी, स्वतःच्या हातानं, चांद्यावर तीन घाव घातले. मग रक्तानं भरलेला तो वळला.

"गोया कोनी ठेवा?"

बायांनी रुपचंदकडं पाहिलं. वनानं दांड्यानं त्याचं नाक फोडलं, पाडला, छातीवर बसला. कुऱ्हाड वर गेली. रुपचंदनं पुष्पाबाईकडं पाहिलं.

ती गप्प राहिली असती तर बाग राहिली असती.

"उंडा मी मया, वनाभाऊ!" ती किंचाळली. "पीठ मन्हं, गूळ मन्हा. त्याले सोड!"

कुऱ्हाड खाली आली ती जमिनीत रुतली.

"तू? तू आम्हले शिकाडस? जीव घेवाना नही म्हनीसन?" वना उठला. बागेच्या कोपऱ्यातलं वखर ओढत आणलं. "आज पोया शे. आज बैलना खांदावर जू ठेवत नहीत. खरं ना, अक्का?"

"खरं."

"मंग तू जुप. आन् हाऊ दुसरा."

कुणी बाई मध्ये पडली नाही. तिनं पदर खोचला आणि जू खांद्यावर घेतलं. नाकातून रक्त गळणारा रुपचंद दुसऱ्या बाजूला उभा राहिला. वना वखरावर चढून उभा राहिला.

"हो, चाल!"

पहिल्या फेरीला तिचा खांदा सोलला. दुसऱ्या फेरीला वांग्यांची उरलेली ओळ आली. पिवळी, टम्म, बियांनी भरलेली. पुष्पाबाई थांबली. पाठीवर कासरा बसला. तिनं दात आवळले आणि वांग्यांवरून वखर ओढलं.

मागं वना ढसाढसा रडत होता आणि मारत होता.