शिवेपर्यंतची बोळवण

ग्येलोशच्या घरातून निघालेला पाहुणा गावची शीव ओलांडेपर्यंत कधी एकटा चालला नाही. तो वरच्या वाटेने निघाला तर खिंडीतल्या दगडांच्या राशीपर्यंत, आणि खालच्या रस्त्याने निघाला तर नदीवरच्या पुलापर्यंत, ग्येलोश त्याच्या सोबत जाई. तेथे थांबून तो छातीवर हात ठेवी, "वाट सुखाची होवो" एवढेच म्हणे, आणि पाहुणा वळणाआड जाईपर्यंत उभा राही. शिवेच्या आत पाहुण्याला ठेच जरी लागली, तरी ती घराच्या नावाला लागते, असा उत्तर अल्बानियातल्या त्या डोंगरांचा दंडक होता. ग्येलोशच्या पित्याने तर सख्ख्या भावाच्या मारेकऱ्याला, तो बर्फात अडकून दारी आला म्हणून, जेवू घालून असेच पुलापर्यंत पोचवले होते. वैर पुलाच्या पलीकडून पुन्हा सुरू झाले. ग्यूरा गावात ही गोष्ट कोणी पराक्रम म्हणून सांगत नसे. घरधन्याचे ते कामच होते.

ग्येलोशचा मुलगा माराश अकरा वर्षे इटलीत हॉटेलात वाढप्याचे काम करून परतला, तेव्हा त्याने गोठ्यावरच्या माळ्यात सहा पलंग मांडले आणि डोंगर चढायला येणाऱ्या परदेशी लोकांना घरी उतरवण्याचा व्यवसाय आरंभला. त्या व्यवसायाचे पाठ त्याला श्कोदर शहरातल्या तेउताबाईंनी दिले. प्रवासी पाठवण्याचे त्यांचे कार्यालय होते, आणि हिवाळ्यात डोंगरातल्या चार होतकरू माणसांना बसवून त्या विनामूल्य शिकवीत. बाई तोंडाने फटकळ होत्या, मनाने अतिशय सरळ.

"पत्र आलं की तासाभरात उत्तर," त्या म्हणत. "पलंग रिकामा नसेल तर 'बघतो' म्हणायचं नाही. सरळ नाही म्हण. 'बघतो' म्हणणाऱ्याच्या दारात माणूस दुसऱ्यांदा उभा राहत नाही. आणि माराश, तू पाहुण्यांच्या चादरी स्वतः धूत बसतोस म्हणे?"

"बायको धुते, बाई."

"मग तर दुप्पट मूर्ख आहेस. जे काम पगारी माणूस करू शकतो ते घरच्यांनी करायचं नाही. मालकाचा वेळ आणि मालकाचे पाय बाजारात मिळत नाहीत, समजलं?"

माराशला समजले. त्याने हे पाठ श्रद्धेने पाळले, आणि त्यांचे फळही त्याला मिळाले. तिसऱ्या उन्हाळ्यात सहाचे अठरा पलंग झाले. चादरी धुवायला शेजारची बाई आली, सामान वाहायला खेचरे आली, आणि रोज सकाळी एक तुकडी खिंडीच्या वाटेला लागू लागली. कधी कधी दोन.

त्या प्रत्येक तुकडीबरोबर अठ्ठ्याहत्तर वर्षांचा ग्येलोश चालत होता.

पूर्वी महिन्यातून एखादा पाहुणा येई, तेव्हा ते सहज होते. आता जाता-येता चार तासांची ती चढ-उतर रोजची झाली. पाहुण्यांना मात्र तिचे मोठे अप्रूप वाटे. घरी परतल्यावर ते पत्रांतून जेवणाविषयी दोन ओळी लिहीत आणि म्हाताऱ्याविषयी दहा. तेउताबाईंनी पुढच्या हंगामाच्या पत्रकात छापले: 'घरातील वडीलधाऱ्यांची खिंडीपर्यंत सोबत'. ते वाचताना माराशची छाती अभिमानाने भरून आली, आणि त्याच क्षणी आत काहीतरी टोचलेही. त्या टोचणीविषयी तो कोणाशी बोलला नाही.

वसंतात डॉक्टरांनी ग्येलोशचे हृदय तपासून चढ बंद करायला सांगितले. त्या रात्री जेवताना माराशने विषय काढला.

"बाबा, उद्यापासून खिंडीपर्यंत जायला माणूस ठेवलाय. प्रेंद म्हणून. पलीकडच्या खोऱ्यातला आहे, वाट तोंडपाठ आहे त्याला."

"वाट माझ्या शेळ्यांनाही पाठ आहे," ग्येलोश मक्याची भाकरी मोडत म्हणाला. "त्यांनाच पाठव. पगार वाचेल."

माराशची बायको, दिला, ओढणीआड हसली.

"मी चेष्टा करत नाही, बाबा."

"मी तरी कुठे करतोय? बोळवण घरधन्याने करायची असते. मी थकलो असं वाटतं ना तुला? खरंच आहे, थकलोय. मग तू धनी हो. चुलीजवळची ही जागा घे, पाहुण्यांना राकीचा पेला तुझ्या हातचा मिळू दे. मी आनंदाने त्या कोपऱ्यात बसतो. पण मग उद्या सकाळी तू जायचंस. परवाही तूच."

"रोज चार तास? फोन कोण घेणार? खालून गाड्या येतात त्या कोण बघणार?"

"इटलीत अकरा वर्षं ताटं घेऊन पळत होतास. तिथे नाही वाटतं पाय दुखले?"

"तिथे मालक पळत नव्हता, बाबा."

"नसेल. ते हॉटेल होतं."

दिलाने हळूच म्हटले, "हो म्हण ना रे. आठवड्यातून चार दिवस तरी जा."

"हंगाम संपू दे," माराश म्हणाला. "मग बघतो."

म्हाताऱ्याने मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशी काठी घेऊन तो नेहमीप्रमाणे तुकडीपुढे उभा राहिला. प्रेंद सामानाच्या खेचरांबरोबर मागून चालला.

सप्टेंबरच्या अखेरीस आठ डच पाहुणे उतरले होते. त्यांच्या मुक्कामात संध्याकाळी लाकडे आणताना ग्येलोशला धाप लागली. त्याचे ओठ निळसर पडले. माराश रात्रभर त्याच्या श्वासाचा आवाज ऐकत पडून राहिला, आणि पहाटे त्याने एक निर्णय घेतला. दुसऱ्या कोणत्याही देशात त्या निर्णयाला मुलाची माया म्हटले असते. ती मायाच होती. त्याने पाहुण्यांना खुणेने उठवले, बूट हातात घ्यायला लावले आणि बाहेरच्या जिन्याने आवाज न करता अंगणात उतरवले.

"आजोबा नाही येणार?" त्यांच्यातल्या एका वयस्कर बाईने कुजबुजत विचारले.

"झोपलेत. झोपू द्या त्यांना."

प्रेंद त्यांना घेऊन निघाला. माराश स्वयंपाकघरात परतला, तो बाप दारात उभा. समोरच्या मेजावर आठ पेले होते, आणि डोंगरी चहाची वाफ अजून त्यांतून निघत होती.

"किती वेळ झाला?" ग्येलोशने विचारले.

"बाबा, ऐका माझं..."

"किती वेळ झाला, ते विचारतोय मी."

तो अनवाणीच निघाला असता. दिलाने वाटेत गाठून त्याच्या पायांत जोडे घातले. माराश मागे धावला. त्याने विनवण्या केल्या, एकदा दंडही धरला. म्हाताऱ्याने तो रागाने झटकला नाही, नुसता सोडवून घेतला. झऱ्यापर्यंत, म्हणजे वाटेच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत, तो चढला. तेथे एका झाडाला कवटाळून उभा राहिला. पुढचे पाऊल त्याला टाकवेना. वरून, धुक्यातून, माणसांचे हसणे खाली येत होते. त्या आवाजाच्या दिशेने त्याने आपले निरोपाचे शब्द उच्चारले. ते माराशलाही नीट ऐकू आले नाहीत.

उतरताना मात्र त्याने मुलाचा आधार घेतला. घरी आल्यावर तो चुलीजवळच्या जागेवर बसला नाही. फडताळातली राकीची बाटली काढून त्याने माराशपुढे ठेवली आणि स्वतः कोपऱ्यातल्या बाकावर टेकला.

"आज पाहुणे तुझ्या शब्दाने निघाले. म्हणजे धनी तू."

"बाबा, तुमच्या जिवासाठी केलं मी."

"माहीत आहे रे." "पण बूट हातात घेऊन निघाले. माझ्या दारातून."

यानंतर त्याने हा विषय काढला नाही. पाहुणे आले की कोपऱ्यातून हसून मान हलवी, पण उठत नसे. उरलेल्या दोन तुकड्या प्रेंदने पोचवल्या. नवा धनी फोनवर होता.

ऑक्टोबरात छातीचे दुखणे वाढले आणि श्कोदरच्या रुग्णालयाने तपासण्यांसाठी दिवस दिला. त्याच दिवशी तिराना येथे प्रवास व्यावसायिकांचा मेळावा होता. तेउताबाईंनी खटपट करून माराशला तेथे एक मेज मिळवून दिले होते. तीन परदेशी कंपन्या त्याला भेटणार होत्या. बापाचे दुखणे ऐकून बाई स्वतः म्हणाल्या, "मेळावा पुढच्या वर्षीही असतो, माराश." पण तो आदल्या संध्याकाळी निघाला. सकाळी दिलाचा फोन आला.

"गाडी दारात आली. मी बसतेय त्यांच्यासोबत. तू बोलतोस?"

"आता नको, समोर माणसं बसलीत. दोन दिवसांचं तर काम आहे. परत आणायला मीच येतो, सांग त्यांना."

तिसऱ्या दिवशी, माराश रुग्णालयाच्या पायऱ्या चढत असताना, ग्येलोशचे प्राण गेले. पुढच्या उन्हाळ्याचे सारे पलंग तोवर भरले होते.

दिला व्हरांड्यात बसली होती. ती रडत नव्हती. तो तिच्याशेजारी बसला.

"काही बोलले?" त्याने विचारले.

"इथे नाही. वाटेत एकदा." तिने ओढणीचे टोक बोटाला गुंडाळले. "पुलाशी त्यांनी गाडी थांबवायला लावली. उतरले, आणि मागे वळून उभे राहिले. आपल्या घराकडून रस्ता येतो ना, तिकडे बघत. मी म्हटलं, बाबा, काही राहिलं का घरी? तर म्हणाले, नाही गं, सवयीने थांबलो. आणि आपले आपण गाडीत बसले."

 

मातीला आसपासच्या खोऱ्यांतून माणसे आली. बायांनी रात्रभर आक्रोश केला, पुरुषांनी शब्द न बोलता कॉफी घेतली. तेउताबाईही आल्या होत्या; माराशचा हात हातात घेऊन त्या नुसत्या उभ्या राहिल्या. दुपार कलली तशी माणसे उठू लागली. सर्वांत आधी खिंडीपलीकडचा एक वृद्ध उठला, ग्येलोशचा तरुणपणापासूनचा सोबती. काठी टेकत तो दाराकडे वळला. चुलीजवळच्या जागेवरून माराश तत्काळ उभा राहिला आणि जोडे शोधू लागला.

"थांबा, काका. मी येतो खिंडीपर्यंत."

म्हातारा उंबऱ्यात थबकला. त्याने माराशकडे करुणेने पाहिले. दिलाने नवऱ्याची बाही धरली.

"आज नाही," ती हलक्या आवाजात म्हणाली. "ज्या घरातून प्रेत निघालं, तिथून कोणाला पोचवायचं नसतं. मृत्यूला त्या पाहुण्याच्या घरची वाट दिसते म्हणतात."

"मला ठाऊक आहे गं."

"मग बस."

तो बसला. माणसे निरोप न घेता, एकामागून एक, खाली मान घालून निघून गेली. त्या धन्याच्या जागेवरून अंगण दिसत नव्हते. वाटेवरच्या दगडांवरून लांब जाणारी पावले तेवढी ऐकू येत होती, आणि अखेरचे पाऊल विरेपर्यंत माराश ती ऐकत बसला.