भिवाटोल्याच्या तलावाविषयी एक वाक्य

रिताने 'प्रकाशित करा' दाबलं आणि पडद्यावरून अख्खं भिवाटोला नाहीसं झालं.

वर गावाचं नाव तेवढं उरलं. लोकसंख्या, धानाची शेती, शाळा, देऊळ, तलाव, सगळं पुसलं गेलं होतं. मोहाडीच्या लहानशा वाचनालयात रिता मदतनीस होती. दुपारची वेळ होती, बाहेर बाजाराचा गलका चालला होता, आणि ती संगणकासमोर हात आखडून बसून राहिली. काढायचं होतं फक्त एक वाक्य, पण चुकून सगळाच मजकूर निवडला गेला होता.

मागच्या रविवारी सानगडीच्या यादोराव सरांनी याच वाचनालयात दहा-बारा जणांना विकीवर, म्हणजे नेटवरच्या ज्ञानकोशात, लिहायला शिकवलं होतं. तिथला लेख कुणीही लिहू शकतो, दुसऱ्याने लिहिलेला सुधारू शकतो, हे रिताला तेव्हा कळलं. "आपल्या गावापासून सुरू करा," निवृत्त शिक्षक असलेले सर म्हणाले होते, "एखादी वेलांटी चुकली असन तर तेवढीच नीट करा. भीती मोडते." खातं उघडताना तिने आपलं पूर्ण नाव टाकलं, आडनावासकट. टोपणनावही चाललं असतं, हे नंतर समजलं.

मग आज तिने आपल्या गावाचा लेख उघडला, तर त्यात लिहिलेलं, 'गावाचा तलाव उथळ असून पोहण्यासाठी सुरक्षित आहे.'

अकरा वर्षांपूर्वी त्याच तलावात तिची मोठी बहीण गुड्डी बुडाली होती. शिंगाडे काढायला उतरली होती. काठाला पाणी कमरेएवढंच, पण शेताला पाणी सोडायच्या दारापाशी, ज्याला गावात तुडुम म्हणतात, तिथे त्या वर्षीच्या उन्हाळ्यात गाळ उपसून मोठा खड्डा झाला होता. गुड्डीला ते माहीत नव्हतं.

रिता पडद्याकडे बघत असतानाच पानाच्या वरची सूचनेची घंटी लाल झाली. कुणा 'रानपाखरू' नावाच्या संपादकाचा निरोप होता. 'आपण लेखातला सर्व मजकूर काढला आहे. तो पूर्ववत केला आहे. असे पुन्हा घडल्यास आपल्यावर बंदी येऊ शकते.'

बंदी म्हटल्यावर तिला एकच अर्थ सुचला, पोलीस. तिने संगणक बंद केला, तो दोन दिवस उघडलाच नाही. नेटवर काहीबाही लिहिलं म्हणून करडी गावच्या कुणाला तरी ठाण्यात बोलावलं होतं, असं तिने कधीतरी ऐकलं होतं. तिसऱ्या दिवशी एक हवालदार थेट तिच्या टेबलाशी आला तेव्हा तिच्या हातातलं रजिस्टर खाली पडलं.

"रिता तुमीच ना?" त्याने विचारलं.

"हो."

"पोरीसाठी भरतीची जाहिरात पाह्यची होती. मागच्या आठवड्याचे पेपर काढून देता का?"

तिने पेपर काढून दिले आणि ती मागच्या खोलीत गेली. मग यादोराव सरांना फोन केला.

"पोलीस कायले येतीन?" सर म्हणाले. "बंदी म्हणजे लिहायची बंदी, तेही आडदांडपणा केला तर. आन् तू काहीच मिटवलं नाई. जुनं सारं जतन होऊन रायते, म्हणूनच त्यानं एका मिनटात वापस आणलं. आता ते वाक्य पुन्हा बदल, पण संदर्भ दे. पेपरात आलं होतं का तेव्हा?"

आलं होतं. ते कात्रण माय, म्हणजे सत्यभामाबाई, पेटीत ठेवून होती. अकरा वर्षांत तिने ना ती पेटी कुणाला उघडू दिली, ना गुड्डीचं नाव घेतलं. तलावाकडची वाटही तिने सोडली होती. बंदीपेक्षा रिताला मायला विचारायची भीती जास्त वाटली. गुरुवार गेला, शुक्रवार गेला, शनिवारही गेला.

रविवारी सकाळी दोन मोटारसायकली दारासमोर थांबल्या. कॉलेजची चार पोरं होती.

"ताई, तलावाची वाट कोणती? पोहायला जाऊन राहिलो."

"तिथं नका उतरू. खोल आहे."

एकाने मोबाईल पुढे केला. "यात तर सुरक्षित लिहून आहे."

रिताने पाहिलं. तेच वाक्य, तेच पान. तिने पुन्हा सांगितलं, पण बहिणीचं नाव घेतलं नाही. पोरं हसली, समोरच्या माणसाला विचारून निघून गेली.

ती धावत घरात गेली. "माय, पोरं तलावात उतरून राहिली. तुडुमाकडं."

सत्यभामाबाई तांदूळ निवडत होती. सूप तिने खाली ठेवलं की टाकलं ते कळलं नाही. पायात चप्पलही न घालता ती निघाली, रिता मागे. अकरा वर्षांत न तुडवलेली वाट ती न चुकता चालली. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, पोचल्या तेव्हा एक पोरगा छातीभर पाण्यात होता आणि तुडुमाकडेच सरकत होता. रिताला वाटलं, आता डोकं दिसेनासं होईल. तिने डोळे मिटले.

"बाहेर ये बाबू," माय म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "तिथं माही पोरगी गेली."

पोरगा तिथेच थांबला. मग एक-एक पाऊल मागे घेत काठाला आला. चौघांनी कपडे घातले आणि मोटारसायकली माघारी वळवल्या.

घरी आल्यावर मायने स्वतःच पेटी उघडली. कात्रण पिवळं पडलं होतं, पण पेपराचं नाव आणि तारीख वाचता येत होती. दुपारी रिता मोबाईल घेऊन दारात बसली. या वेळी फक्त ते एक वाक्य निवडलं, बदललं, तीनदा तपासलं, खाली संदर्भ लिहिला. मग 'प्रकाशित करा' दाबलं.

अर्ध्या तासाने घंटी लाल झाली. तिने निरोप उघडला. रानपाखरूच होतं. 'संदर्भासाठी आभार. ते वाक्य आम्ही कुणी तपासले नव्हते. आपण लिहीत राहा.'

"वाच मले," माय म्हणाली.

रिताने लेखातलं वाक्य वाचलं. "तलावाच्या तुडुमाजवळ पाणी खोल असून तेथे बुडून मृत्यू झाल्याची नोंद आहे."

मायने कात्रणाची घडी करून ते मांडीवर ठेवलं.

"त्या दिवशी तिले जायचं नव्हतं," ती म्हणाली. "मीच पाठवली. शिंगाडे आण म्हणून."

रिताने मोबाईल बाजूला ठेवला आणि मायच्या जवळ सरकून बसली.

"सांग," ती म्हणाली.