प्रभूच्या वाटचे तांदूळ

भात टाकायच्या आधी योंगीम काही चमचे तांदूळ बाजूला काढायची. घरातल्या प्रत्येक माणसामागे एक चमचा. तो थैलीत रिकामा करताना त्या माणसाचं नाव घ्यायचं आणि त्याच्यासाठी प्रभूकडे जे मागायचं ते मागायचं. वोलपो गावच्या चर्चमधल्या सगळ्या बायकांची हीच रीत. रविवारी थैली चर्चच्या दाराशी ठेवलेल्या रांजणात ओतायची. थैलीवर ना नाव ना खूण. कोणी किती आणलं ते एका देवाला ठाऊक. त्या तांदळावर पाळकांचं घर जेवायचं, आणि गावात ज्याची चूल पेटली नसेल त्याचंही.

योंगीमचे सासरे चर्चच्या वाटेला कधी जात नसत. चमच्याचा आवाज आला की ओट्यावरून म्हणत, "माझ्या ताटातला घास आज पण पळवला का तुझ्या देवानं?"

"तुमच्याच नावानं देते, बाबा."

"मग त्याला म्हणावं, गुडघ्यांकडे बघ जरा. इतकी वर्षं फुकटचं खातोय!"

योंगीम हसायची आणि गुडघ्यांसाठी मागायची. नवरा देसिक बुसानहून निघालेल्या मासेमारीच्या जहाजावर, कुठल्या तरी लांबच्या समुद्रात. त्याच्या चमच्याला तिला सगळ्यात जास्त वेळ लागायचा.

त्या वसंतात धाकट्याला डांग्या खोकला झाला. पोर निळंकाळं व्हायचं, श्वास सापडेपर्यंत योंगीमचाही श्वास अडकून राहायचा. त्याला पाठीशी बांधून ती आत-बाहेर करायची. थोरली बोराम तिच्या झग्याला लोंबकळत मागं. भात कधी शिजला, कोणी वाढला, तिचं तिला कळत नव्हतं. कुठला चमचा आणि कुठली नावं!

पोर जरा निवांत झोपायला लागलं तेव्हा एका शनिवारी तिचं लक्ष खिळ्याकडे गेलं. थैली तिथं चपटी होऊन लटकली होती.

ती उद्या तशीच नेली असती तर कोणी विचारलं नसतं. पण रांजणाशी बायकांची रांग लागते. तांदूळ पडतात त्याचा आवाज होतो. आपल्या थैलीचा आवाजच आला नाही तर, या विचारानं तिचे कान गरम झाले. घरातले चांगले तांदूळ तळाला गेलेले. मागच्या पडवीत गेल्या सालचे उरलेले होते. सासऱ्यांनी कोंबड्यांसाठी वेगळे काढलेले. तिनं मूठभर हातावर घेऊन फुंकर मारली. दिसायला तर पांढरे होते. भांड्यानं उपसून तिनं थैली भरली. नाव कोणाचंच घेतलं नाही, मागितलंही काही नाही.

दुसऱ्या दिवशी थैली रांजणात ओतली, तेव्हा भरघोस आवाज आला. रांजणाशी उभ्या असलेल्या ओकदान आजींनी तिच्या पाठीवरच्या पोराच्या टाळूवरून हात फिरवला. "लेकरू एवढं आजारी, तरी प्रभूचा वाटा चुकवला नाहीस हो बोरामच्या आई!"

योंगीमनं रिकामी थैली पटकन घडी करून मुठीत लपवली.

ओकदान आजी लढाईत विधवा झाल्या, तेव्हापासून रांजण त्यांच्याकडे. दर शनिवारी यायच्या, तांदूळ चाळायच्या, आत लसणाच्या पाकळ्या आणि सुक्या मिरच्या खोचायच्या, आणि बाहेरून रांजण असा पुसायच्या की जणू न्हाऊ घातलेलं नातवंडच.

पावसाळी दमट हवा सुरू झाली आणि एके दिवशी पाळकीणबाईंनी धुवायला घेतलेल्या तांदळावर सोंडे तरंगले. रांजण उघडून बघितला तर आतले तांदूळ चालत होते. सगळं तिखटमीठ लावून सांगणाऱ्या होंगबाई म्हणाल्या, "तांदूळ कसले, रांजण आपल्या पायानं घरी जाईल आता! ओकदान आजींच्या डोळ्यांनी रजा घेतली बघा. चाळताना काळं-पांढरं तरी कळतं का त्यांना?"

आजी तिथंच उभ्या होत्या. भांडतील असं सगळ्यांना वाटलं. त्या हातातलं फडकं घडी करत राहिल्या. "खरंच असेल गं. नसेल दिसलं मला."

योंगीम त्या घोळक्यात होती. बोरामनं तिचा हात ओढला आणि ती घरी निघून आली.

पहाटेच्या प्रार्थनेला सगळी मंडळी एकदम मोठ्यानं प्रार्थना करत. त्या गलक्यात आपलं पाप ओरडून सांगितलं तरी शेजारणीला ऐकू जात नाही. योंगीमनं ओरडूनच सांगितलं. चपट्या थैलीचं सांगितलं, पडवीचं, कोंबड्यांचं. रडता रडता तिला पाठीवर एक हात जाणवला. शेजारी ओकदान आजी होत्या. नवऱ्याच्या आठवणीनं रडतेय बिचारी, असं समजून थोपटत होत्या.

प्रार्थना संपली तेव्हा योंगीमला खूप हलकं वाटलं. देवानं ऐकलं. मिटलं.

पायऱ्यांवर आजी खाली बसल्या होत्या. रबरी बुटांचा एक जोड उजेडाकडे धरून उलटसुलट करत होत्या. "बघ गं जरा, हे माझेच ना? दुसरीचे घालून जाईन आणि होंगबाईला आणखी एक गोष्ट मिळेल."

त्यांचेच होते. वर्षानुवर्षं त्या ते न बघता पायात सरकवत आल्या होत्या. योंगीमनं बूट त्यांच्या पायापुढे ठेवले, आणि मघाचं हलकेपण तिथंच त्या पायरीवर राहिलं.

दोन-तीन दिवसांनी आजी स्वतःच दारात आल्या. कडेवर पिवळं खरबूज, जणू तेही एक तान्हं पोर. ते योंगीमला कापायला देऊन पहिली फोड बोरामला दिली, पोराचे गाल ओढले, मग ओट्यावर टेकत म्हणाल्या, "बोरामच्या आई, रांजण तू घे. तुझे डोळे तरुण आहेत. रविवारी सगळ्यांसमोर सांगते मी."

"मी नको, आजी."

"मग कोण, होंगबाई? ती सोंड्यांशी सुद्धा भांडत बसेल. काम हलक्या हाताचं आहे. मी आता सुईत दोरा ओवायचंही सोडलं. म्हटलं, उगाच बोटं टोचून घ्या."

योंगीमच्या हातातली सुरी थांबली. "आजी, तुमच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. ते सोंडे माझे."

मग ती सांगत गेली. पोर कुरकुरायला लागलं तशी जागच्या जागी डुलत, त्याला थोपटत, पण थांबली नाही. आजी ऐकत होत्या. खरबुजाच्या बिया त्यांनी एका बाजूला गोळा केल्या, मग पुन्हा पसरल्या.

"तेव्हा बोलली नाहीस," शेवटी त्या म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता. "मी तिथं उभी होते गं."

"हो."

"घरी जाऊन मी एकेक डोळा झाकून कॅलेंडर बघायचे. सगळं दिसायचं, तरी विश्वास बसेना."

योंगीमला मान वर करवेना. आजींनी विचारलं, "देवाला सांगितलंस?"

"सांगितलं."

"हं. त्याला सांगणं सोपं. तो कुठं गावात बोलतो!" आणि त्यांना आपल्याच बोलण्याचं हसू आलं. हसता हसता डोळे पुसले. "जाऊ दे. मला कळलं, पुरे झालं. तू गप्प राहा. होंगबाईला कळलं तर तुझी बोराम लग्नाची होईपर्यंत ऐकवेल ती. म्हातारीच्या माथी खपून जाईल. माझे असे किती दिवस राहिले?"

त्या गेल्यावर योंगीम कितीतरी वेळ खरबुजाच्या साली हातात घेऊन बसली. अशी मऊ वाट कोणी दाखवली नव्हती. त्या वाटेनं जावं असं तिला फार वाटलं.

ओट्याच्या दुसऱ्या टोकाला सासरे खाकरले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "म्हणजे माझ्या कोंबड्यांचा खुराक देवाला घातलास?"

"चुकलं, बाबा."

"कोंबड्यांचं सोड, त्या किडे पण खातात. त्या म्हातारीचा खुराक मात्र तो रांजण, तो सुटला की ती उपाशी राहील तुझ्यापायी." एवढं बोलून ते गुडघे चोळत बसले.

रविवारी उपासनेनंतर बायका चर्चच्या स्वयंपाकघरात शेवयांच्या वाडग्यांभोवती बसल्या होत्या. आजींनी घसा साफ केला. त्या काही बोलायच्या आत योंगीम उभी राहिली. पाठीवर पोर झोपलेलं. ते जागं होऊ नये म्हणून ती डुलत राहिली.

"रांजणात किडके तांदूळ मी टाकले," ती म्हणाली. "घरात आजारपण होतं, पण म्हणून टाकले नाहीत. मला रिकामी थैली आणायची लाज वाटली. किडीची अंडी दाण्याच्या पोटात असतात, कोणाच्याच डोळ्यांना ती दिसली नसती. आजींना बोल लागला तेव्हा मी तिथंच होते आणि गप्प बसले. आजी गप्प राहा म्हणाल्या होत्या. पण त्यांच्या नावावर माझी चूक राहिली तर मला पुन्हा त्यांच्या शेजारी बसून प्रार्थना करता येणार नाही."

शेवया ओढायचे आवाज थांबले. पाळकीणबाईंनी जेवायच्या काठ्या वाडग्यावर आडव्या ठेवल्या.

"कोंबड्यांचे?" होंगबाईंनी विचारलं.

"कोंबड्यांचे."

"अगं बाई, आणि आम्ही इतके दिवस या आजींना…" होंगबाईंचं वाक्य आयुष्यात पहिल्यांदा अर्धं राहिलं. त्या लाल झाल्या. मग रागानंच म्हणाल्या, "ते सगळं खरं. पण एवढे तांदूळ आता निवडणार कोण?"

"मी."

"एकटी? पाठीवर पोर घेऊन?"

"मीच."

"एकटी कशी?" ओकदान आजी वाडगा सरकवून उठल्या. "रांजण माझा आहे."

त्यांनी चर्चच्या मागच्या ओट्यावर चटया टाकल्या. योंगीम एक चटई उन्हात ओढायला लागली तशी आजी ओरडल्या, "सावलीत, सावलीत! उन्हात दाणा तडकतो. एवढंही शिकवलं नाही का आईनं?" तांदूळ पातळ पसरले. वारा समुद्रावरून येत होता. हळूहळू सोंडे वर आले आणि चटईच्या कडेकडे निघाले. बोराम त्यांना काडीनं वाट दाखवत होती. पोर जागं होऊन मूठभर तांदूळ तोंडात कोंबायच्या बेतात होतं; आजींनी न बघताच त्याची मूठ पकडली.

योंगीम डोकं खाली घालून एकेक दाणा सरकवत होती. पाणी डोळ्यांत आलं की तिला सगळंच धूसर दिसायचं.

आजींचं बोट अचानक तिच्या नाकासमोरून गेलं आणि तांदळात टेकलं. बोटाखाली एक सोंडा, तिळाच्या अर्ध्याएवढा.

"हा बघ. तुझ्या समोरून चालला होता."

"दिसला नाही मला."

"नाहीच दिसणार. तरुण डोळे म्हणे!" आजी जोरात हसल्या, आणि पुढचा शोधण्यासाठी चटईवर वाकल्या.