धुतलेला दात

"याचं मूळ कुठंय?" नूतन मॅडमनी भिंगावरून मान वर न करताच विचारलं.

जळगावच्या कॉलेजात दगडांचं शास्त्र शिकवणाऱ्या या बाई. समोर आमचे हे, जीवराम, अमळनेरचे पंप मिस्तरी. इस्त्रीचा शर्ट, पाठ ताठ. टेबलावर कापसात तो दात. मला तर छान चकचकीत दिसत होता.

तीस वर्षं हे पंप काढायला जातील तिथून खिशात दगड घेऊन येतात. गल्ली ह्यांना गोटेवाला म्हणते. मीही कमी हसले नाही, खोटं कशाला बोलू! पण गेल्या महिन्यात सातपुड्यापलीकडच्या एका नाल्यात ह्यांना हा दात सापडला. मॅडमना फोटो पाठवला. त्या म्हणाल्या, "कोट्यवधी वर्षांपूर्वी तिथं समुद्र होता. दात शार्कचा दिसतो, पण असा मी पाहिला नाही. मुळावरून जात कळेल. नवी निघाली तर तुमचं नाव छापून येईल, जीवरामसर."

सर! आयुष्यात पहिल्यांदा ह्यांना कुणी सर म्हटलं. आठ दिवस जेवताना तोच विषय.

आज सकाळी हे दाढी करत होते, तेव्हा मी दात बघितला. बुडाला पांढरा थर. शिकलेल्या माणसांपुढं असा मळका न्यायचा? बोअरच्या पाण्यानं पंपाच्या पंख्यांवर असाच थर बसतो. हे अॅसिड ओततात, मी ब्रशनं घासते. इतकी वर्षं तेच करतेय. वाटीत थोडं ओतलं, दात सोडला. फसफस झाली, खालचं भुसभुशीत होऊन गळून गेलं. मला वाटलं, घाण निघाली. कापसात गुंडाळून मीच ह्यांच्या खिशात ठेवला.

"हा अॅसिडमध्ये टाकला होता?" मॅडमनी विचारलं.

ह्यांनी दात नाकाशी नेला. मग माझ्याकडं बघितलं.

"मीच साफ केला, मॅडम. पंपवाला माणूस, हाताला सवय."

"अहो, जसा आहे तसा आणा म्हटलं होतं ना! फोटोतही मूळ नीट दिसत नाही. आता याची जात कुणीच सांगू शकणार नाही."

"चुकलं माझं," हे म्हणाले.

मी तोंड उघडणार, तोच ह्यांनी टेबलाखाली माझा हात घट्ट दाबला. मॅडमनी चिठ्ठीवर 'शार्क, जात अनिश्चित' एवढंच लिहिलं आणि दात परत दिला.

परतीच्या एसटीत माझे डोळे गळायला लागले, मला राहवेना. "बठ्ठं मी नासाडी टाकं. माले शिव्या द्या, पन काहीतरी बोला."

"डोया पुस, उषा. लोक देखी ऱ्हायनात."

धरणगावला गाडी थांबली. स्टँडवर खडीचा ढीग पडला होता. असा ढीग दिसला की हे वाकलेच समजा, गाडी सुटली तरी बेहत्तर. आज हे त्याच्या बाजूनं सरळ चालत गेले, दोन चहा घेऊन आले, आणि माझा कप फुंकून गार करून मग माझ्या हातात दिला.