फुगलेलं डिझेल

मापवालीचा पाय आज एका जागी ठरेना. डेपोच्या टाक्यांत डिझेल किती उरलं ते मोजून कळवायचं, हे तिचं काम. पण जीव सगळा घरी. घरी सासू शेवटच्या घटका मोजत होती आणि घटकेघटकेला "पोरगा आला का?" म्हणून विचारत होती. पोरगा, म्हणजे मापवालीचा नवरा, भरलेला टँकर घेऊन रिफायनरीच्या फाटकाशी अडकला होता. रिफायनरी दुरुस्तीसाठी अर्धी बंद, उत्पादन निम्म्यावर, सगळे डेपो तहानलेले. ज्याचा साठा खालच्या खुणेखाली जाईल त्याला आधी टँकर, असा विभागीय कार्यालयाचा हुकूम होता. आज आपला साठा खुणेखाली जाणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे नवरा इकडेच येणार! सकाळीच तिने सासूला सांगून टाकलं, "आज येतोय बघा."

भर दुपारी ती टाकीवर चढली. पत्रा नुसता भाजत होता. तिने फीत आत सोडली, ओल कुठवर आली ते पाहिलं आणि तडक आकडा कळवला. खरं तर तेलाचं तापमान घेऊन आकडा दुरुस्त करायचा असतो. पण थर्मामीटर आत सोडा, तो स्थिरावू द्या, एवढा दम कुणाला? तिला घर गाठायचं होतं.

अर्ध्या वाटेत ती थबकली. आकडा तर खुणेच्या वर होता! उन्हात डिझेल फुगतं, हे काय तिला कुणी शिकवायला हवं होतं? अगं बाई, मी हे काय करून बसले! ती आल्या पावली धावत सुटली.

तापमान घेतलं, हिशोब केला. साठा खुणेखालीच होता. तिने लगेच विभागीय कार्यालयाला फोन लावला.

"साहेब, मघाचा आकडा चुकला. टँकर इकडे पाठवा."

"आता, बाई? तुमचं भागतंय म्हणून तो वरच्या डेपोला सोडला. केव्हाच निघाला."

"मग थांबवा ना त्याला!"

"कसा थांबवू? भरल्या गाडीत फोन बंद असतो. तुम्हाला का हे माहीत नाही?"

तरी तिने नवऱ्याला फोन लावून पाहिला. बंद. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली तिला.

घरी शेजारीण सासूच्या उशाशी बसली होती. सून दिसताच ती उठून बाहेर गेली.

"आला?" सासूने विचारलं.

रस्त्यातच आहे, पोचेल आता, असं सांगायचं तिने वाटभर घोकलं होतं. पण तोंडून निघालं भलतंच. "नाही आला, आई. माझ्यामुळे. घाईत माप चुकलं आणि त्यांची गाडी दुसरीकडे गेली."

सुनेच्या चुका काढण्यात म्हातारीने आजवर कधी हयगय केली नव्हती. आताही बोलली असती तर बरं झालं असतं. पण तिने एवढंच विचारलं,

"कसली एवढी घाई होती?"

"तुमच्याजवळ यायची."

म्हातारीने चाचपडत तिचा हात धरला.

"मग बस आता. आणि त्याला यातलं काही बोलू नकोस. म्हणावं, आईच थांबली नाही."