आकड्यांची मतपत्रिका

मंगळवारी दुपारी सरकार पडलं आणि गुरुवारी सकाळी विधी विभागाच्या दारावर नव्या मंत्र्यांची पाटी लागली. मसुदेबाईंना त्याचं विशेष काही वाटलं नाही. कायद्यांचे मसुदे लिहिण्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती, इतकी की त्यांचं खरं नाव लोक विसरूनच गेले होते. अकरा मंत्री त्यांनी येता-जाताना पाहिले होते.

या वेळी मात्र त्यांचा जीव एका विधेयकात अडकला होता. मतदाराने एकाच नावापुढे खूण करायची नाही, तर आवडीप्रमाणे एक, दोन, तीन असे आकडे घालायचे. कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नसतील तर शेवटचा उमेदवार बाद, आणि त्याची मतं ज्याच्या-त्याच्या दुसऱ्या पसंतीला जायची. जुन्या सरकारने ते आणलं आणि ते मंजूर व्हायच्या आतच सरकार गडगडलं. नवे मंत्री तर विरोधी बाकांवरून याच विधेयकावर दोन तास तुटून पडले होते.

पहिल्याच दिवशी त्यांनी बोलावलं. "बाई, ते आकड्यांचं बिल मागे घ्यायचंय. पत्र तयार करा."

"करते, साहेब. कारण काय लिहू?"

"लिहा, लोकांना झेपणार नाही."

मसुदेबाई दारापर्यंत गेल्या आणि थबकल्या. मंत्र्यांना उलट बोलायची त्यांना सवय नव्हती.

"साहेब, दुसरं काहीतरी कारण सांगा. माझ्या सासूबाईंना झेपलं हो."

"सासूबाईंना?"

"ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. नमुना मतपत्रिका मी घरी नेली होती. 'हवी ती भाजी नाही मिळाली तर दुसरी आणतोच की,' म्हणाल्या, आणि आकडे घालून मोकळ्या झाल्या."

राजकारणात येण्याआधी मंत्री शाळामास्तर होते. "परीक्षाच घेऊ मग," म्हणत ते खुर्चीवरून उठले.

व्हरांड्यात सापडेल त्याच्या हातात नमुना दिला. लिफ्टमन, दोन पहारेकरी, चहावाल्या मावशी, तक्रार घेऊन आलेले एक आजोबा, असे दहा जण जमले. मंत्र्यांनीही घाईघाईत एक मतपत्रिका भरली. मग सगळ्या गोळा करून लाल पेनाने तपासायला बसले. दहा बरोबर निघाल्या. एकीवर दोन नावांपुढे नुसत्या बरोबरच्या खुणा होत्या.

"हे दिवे कोणी लावले?"

लिफ्टमन खाकरला. "साहेब, ती तुमचीच आहे."

मावशींनी ट्रे तोंडापुढे धरला. मंत्री कानापर्यंत लाल झाले आणि मग स्वतःच खो-खो हसत सुटले. "सूचना किती बारीक छापलीय! वाचायची कशी?"

"ठळक करते, साहेब."

पत्र गेलं नाही. तीन महिन्यांनी विधेयक मंजूर झालं.

दीड वर्षाने निवडणूक लागली. पहिल्या फेरीत मंत्री चार हजारांनी पुढे होते, पण निम्मी मतं काही गाठता आली नाहीत. तिसरा उमेदवार बाद झाला, त्याची बरीचशी मतं समोरच्याकडे गेली, आणि मंत्री नऊशे मतांनी हरले. मसुदेबाईंना त्या दिवशी डबा गोड लागला नाही.

खोली रिकामी करायला ते आले तेव्हा बाई स्वतःहून आत गेल्या. ते पुस्तकांना दोरी बांधत होते.

"फार वाईट वाटलं, साहेब. जुनी पद्धत असती तर..."

"तर मी निवडून आलो असतो. माहीत आहे." त्यांनी गाठ घट्ट ओढली. "तीन वेळा आलो होतो. वाटायचं, सगळा मतदारसंघ आपल्या पाठीशी आहे. आता कळलं, निम्म्यांहून जास्त माणसांना मी नको होतो. जिव्हारी लागलं, खोटं कशाला बोलू?" दुसरी गाठ मारत त्यांनी विचारलं, "नवे लोक हा कायदा रद्द करतील का हो?"

"सांगितलं तर मसुदा मीच करून देईन. कामच आहे माझं."

"आणि नीटच कराल, त्यात शंका नाही," ते हसून म्हणाले.

त्यांच्या दोन्ही हातांत गठ्ठे होते. तिसरा बाईंनी उचलला. आजवर एकाही मंत्र्याला पोहोचवायला त्या खाली गेल्या नव्हत्या. आज फाटकापर्यंत गेल्या.